सहाव्या भागातला कबुलीजबाब

नटाने चष्म्याच्या दुकानात स्वतःहून घड्याळ काढलं नसतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण त्याला लोकांना खूश करायची सवय लागली होती.

त्याचं वय चौपन्न. पंचवीस वर्षं तो पडद्यावर कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी शेजारी होता, आणि दोनदा तर नुसतं प्रेत. प्रेताचं काम बरं, संवाद पाठ करावे लागत नाहीत, असं तो स्वतःच सांगून हसायचा. मग एका हेरगिरीच्या मालिकेत त्याला गुप्तचर अधिकाऱ्याची भूमिका मिळाली आणि पाच वर्षांत त्याचं नशीब असं फिरलं, की रस्त्यावर त्याचं खरं नाव घेणारा माणूस उरला नाही. सगळे त्याला घड्याळसाहेब म्हणायचे.

कारण साधं होतं. मालिकेतला हा अधिकारी संशयितासमोर बसला की मनगटावरचं घड्याळ सावकाश सोडवायचा, टेबलावर पालथं ठेवायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "घाई नाही. माझी घरी कुणी वाट बघत नाही." एवढंच. ओरडणं नाही, शिवी नाही. पुढे काय व्हायचं ते दाखवत नसत. दार बंद व्हायचं, दिव्याचा पिवळा उजेड थरथरायचा आणि दोन मिनिटांनी खुर्चीतला माणूस खरं बोलायला लागायचा.

हे वाक्य लेखिकेचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. चौथ्या भागाचं चित्रीकरण चालू होतं, प्रसंग काही केल्या रंगत नव्हता आणि त्याला ते एकदम सुचलं. तो बोलून गेला आणि दिग्दर्शक 'कट' म्हणायचंच विसरला. पुढे ते वाक्य कपांवर छापलं गेलं, टीशर्टांवर आलं. लग्नाच्या मांडवात नवरदेव घड्याळ काढून तेच म्हणायचे आणि पाहुणे खो खो हसायचे.

तर त्या दिवशी तो चष्म्याच्या दुकानात गेला, कारण संहितेतली अक्षरं हल्ली पुसट दिसायला लागली होती. मालक गल्ल्यावरून उठून धावत आला. नंबर तपासून झाला, फ्रेम ठरली, आणि डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायला मालकाने आतल्या बाईला बोलावलं. चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, हातावर काचा घासायच्या यंत्राची पांढरी पूड. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"समोर बघा. माझ्या कपाळाकडे," ती म्हणाली आणि त्याच्या नाकावर पट्टी धरली.

पट्टी हलत होती. तिने एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. दोन्ही आकडे वेगळे आले. "मालक, यांचं तुम्ही मोजा," ती म्हणाली, "माझ्याच्याने होत नाही."

नटाला वाटलं, बाई बुजली. अशा वेळी माणसाला मोकळं कसं करायचं हे त्याला ठाऊक होतं. त्याने घड्याळ सोडवलं, काचेच्या काउंटरवर पालथं ठेवलं आणि तो खास आवाज काढला. "घाई नाही. माझी घरी कुणी वाट बघत नाही."

मालक टाळ्या पिटत हसला. बाईने ते घड्याळ उचललं आणि दुकानाच्या उघड्या दारातून सरळ रस्त्यावर भिरकावलं. तिथून जाणाऱ्या टेम्पोचं चाक त्यावरून गेलं.

"वेड लागलं का?" मालक किंचाळला.

बाई मालकाकडे बघतही नव्हती. "अकरा दिवस," ती नटाला म्हणाली, "अकरा दिवस माझ्या नवऱ्यासमोर एक माणूस रोज घड्याळ काढून ठेवायचा आणि हेच म्हणायचा. अगदी असंच, तुमच्यासारखा आवाज काढून. आणि मग नवऱ्याची बोटं दाराच्या फटीत धरायचा. त्या माणसाची कुणी वाट बघत नसेल. मी बघत होते. रोज, खिडकीला नाक लावून. हे तुमच्या कपावर छापा."

नटाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पाच वर्षांत त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. "अहो बाई, मी नट आहे! खोटं खोटं करतो. कुणी सुरीने खून केला तर लोहाराला फाशी देता का? तुमचं दुःख असेल, पण ते माझ्या डोक्यावर का ओतता?"

"उद्यापासून येऊ नकोस," मालक तिला म्हणाला. मग नटाकडे वळला, "साहेब, काढूनच टाकतो हिला."

"काढाच," नट म्हणाला.

हे शब्द त्याच्या तोंडून गेले, हे त्याने पुढे कधी नाकारलं नाही. बाईने ॲप्रन काढला, घडी घातली, पिशवी घेतली आणि ती निघून गेली. फुटलेल्या घड्याळाच्या काचा तिने पायाने बाजूला सारल्या, कुणाला लागू नयेत म्हणून.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं तावातावाने सांगितलं. त्याची बायको ग्रंथालयात कामाला होती आणि तिच्यावर आवाज चढवून उपयोग नसायचा. तिने ऐकून घेतलं, पुस्तकाला कव्हर घालणं चालूच ठेवलं आणि विचारलं, "तू चिडलायस ते घड्याळ फुटलं म्हणून, की ती खरं बोलत असेल म्हणून?"

"खोटं बोलतेय ती. लोकांना प्रसिद्ध माणसाला चिकटायला काहीतरी लागतं."

"मग जाऊन विचार ना. बाईची नोकरी घालवलीस, निदान ती खोटं बोलली याची खात्री तरी करून घे."

तो गेला तो खात्री करायलाच. आधी दुकानात जाऊन त्याने मालकाला तिला परत घ्यायला सांगितलं. मालकाने लगेच मान डोलावली, त्याच्यासाठी तो तिला हाकलायलाही तयार होता आणि घ्यायलाही. तिथून पत्ता घेऊन तो रविवारी दुपारी तिच्या घरी पोचला. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दाराशी रांगेत तीन कुंड्या.

दार तिनेच उघडलं. "आता काय राहिलं?"

"नोकरी परत मिळेल तुम्हाला. मी बोललोय."

"उपकार झाले," ती म्हणाली, आणि दार लावणार तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण आहे गं?"

नट आत डोकावला. पलंगावर बसलेल्या माणसाने त्याला पाहिलं आणि तो ताडकन उभा राहिला. हात दोन्ही बाजूंना सरळ, नजर जमिनीवर. हा तिचा नवरा. लिफ्टचा मेकॅनिक. अंगाने आडवा, एकेकाळी पोलादी दोर खांद्यावरून वाहणारा माणूस. तो उभाच राहिला. शेवटी बायकोनेच त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "बस. बस रे. हा तो नाही."

"माहितीय मला," मेकॅनिक म्हणाला, पण नट बसेपर्यंत तो बसला नाही.

मेकॅनिकच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं वाकडी जुळली होती. समोर ताटलीत स्क्रू होते आणि तो आकाराप्रमाणे वेगळे करत होता. पाना धरता येत नाही, म्हणून कंपनीने त्याला हे घरी बसून करायचं काम दिलं होतं.

नट खात्री करायला आला होता, ती त्या बोटांकडे बघताच झाली. पण मेकॅनिकला बोलायचं होतं. सात महिन्यांत त्याला विचारणारं कुणी आलं नव्हतं.

एका सरकारी इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून एक फाइल नाहीशी झाली. त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि मेकॅनिक दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात काम करत होता. दुसऱ्या दिवशी दोन माणसं त्याला घरून घेऊन गेली. खोलीत एक तरुण अधिकारी होता.

"तुम्ही टीव्हीवर चांगलं करता, साहेब," मेकॅनिक म्हणाला. "त्याला तुमच्यासारखं जमायचं नाही. 'घाई नाही' म्हटल्यावर तुम्ही जरा थांबता. तो थांबायचा नाही, एका दमात म्हणून टाकायचा. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, याला सांगावं, अरे जरा थांब मध्ये."

"मला साहेब म्हणू नका," नट म्हणाला.

"मला काहीच माहीत नव्हतं. रोज सांगत होतो, माहीत नाही. पण तुमच्या मालिकेत बघा, त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कायम काहीतरी माहीत असतं. तोही तीच मालिका बघत असणार. त्याला वाटायचं, आणखी थोडं केलं की येईलच बाहेर." मेकॅनिकने एक स्क्रू उचलला, बघितला, पुन्हा खाली ठेवला. "मग अकराव्या दिवशी मला तुमचा सहावा भाग आठवला."

"कुठला?"

"व्हायोलिनवाला. लंगडा माणूस येतो, हातात व्हायोलिनची पेटी, पहारेकरी मागचं दार उघडतो, पेटीच्या अस्तरात कागद जातात. मी तसंच्या तसं सांगितलं. डोळे मिटून सांगत गेलो. त्याने लिहून घेतलं. पहारेकऱ्याचं नाव विचारलं." मेकॅनिकने ताटली बाजूला सारली. "आमच्या त्या इमारतीला एकच पहारेकरी होता. रोज मला जिन्याखाली चहा द्यायचा. त्याचं नाव सांगितलं मी."

"पुरे आता," बायको म्हणाली.

"त्यांनी शहरातल्या सगळ्या संगीत शिक्षकांकडे झडत्या घेतल्या, साहेब. एका म्हाताऱ्याची दोन व्हायोलिनं फोडली, अस्तर बघायला. मला माफीचा साक्षीदार केलं आणि सोडलं. पहारेकरी अजून आत आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं. फक्त संन्याशाकडे बोट मी दाखवलं."

नट उठून उभा राहिला. त्याच्या अंगाची लाही लाही होत होती. सहावा भाग! त्या भागासाठी त्याला पुरस्कार मिळाला होता. "तुम्ही कोर्टात जा," तो म्हणाला. "उद्याच्या उद्या. मी येतो. हे सगळं खोटं आहे असं उभं राहून सांगा. कुणाच्या बापाला घाबरायचं कारण नाही."

"हळू बोला," बाई म्हणाली. तिचा स्वर चढला नव्हता, पण दुकानातल्यापेक्षाही ती आत्ता जास्त संतापलेली होती. "जबाब फिरवला तर याला खोटी साक्ष दिली म्हणून आत टाकतील. तीच खोली, तोच माणूस. तुम्ही काय, एक दिवस चिडाल, पेपरात फोटो येईल, मोठ्या मनाचे म्हणून लोक डोक्यावर घेतील. तुमचा राग तुम्हाला परवडतो. आम्हाला नाही परवडत. निघा."

तो निघाला. मेकॅनिक पुन्हा उभा राहिला होता.

त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत नटाने मालिकेचे सगळे जुने भाग काढून बसून पाहिले. एकशे बेचाळीस भाग. त्या खुर्चीत आतापर्यंत त्रेसष्ट माणसं बसली होती. त्यातला एकही निर्दोष नव्हता. एकाही वेळी दार उघडून त्याच्या अधिकाऱ्याने 'चुकलं आपलं' असं म्हटलं नव्हतं. बायको सकाळी ग्रंथालयात जाताना बघायची तर हा टीव्हीसमोर, संध्याकाळी यायची तरी टीव्हीसमोर. एकदा ती म्हणाली, "जेवून तरी घे." त्याने ताट दूर सारलं आणि मग तिची माफी मागितली.

पुढच्या सोमवारी तो निर्मात्याच्या खोलीत गेला. लेखिकाही तिथे होती, वयाने त्याच्या मुलीएवढी, पाच वर्षं त्याचे संवाद लिहिणारी.

"एक भाग हवा," तो म्हणाला. "एकच. खुर्चीतला माणूस निर्दोष आहे. त्याला काही माहीत नाही. मी त्याचे हाल करतो आणि तो सुटकेसाठी खोटं सांगतो. दुसराच माणूस अडकतो."

"वा," लेखिका हळूच म्हणाली.

निर्मात्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. "दादा, लोक दिवसभर राबून घरी येतात," तो म्हणाला. "त्यांना आठवड्यातून एकदा तरी खरं बाहेर आलेलं बघायचं असतं. तुम्ही त्यांना सांगणार, की तुमचा लाडका माणूस चुकतो? घड्याळ काढलं की खरं बाहेर येतं, यावर हा सगळा डोलारा उभा आहे."

"ते खोटं आहे."

"मालिकाच खोटी आहे, दादा! तुम्ही कधीपासून खरं मानायला लागलात?"

"मी नाही मानत. जे मानतात त्यांच्या हातात किल्ल्या आहेत!" त्याने टेबलावर इतक्या जोरात हात मारला की पाण्याचा ग्लास आडवा झाला आणि संहितेची पानं भिजली. निर्मात्याने शांतपणे रुमाल काढून पानं टिपली. पालथ्या घड्यावर पाणी. "दहा वाजता तुमचा प्रसंग आहे," तो म्हणाला, "रंगभूषेला उशीर करू नका."

नट रंगभूषेला बसला, कपडे चढवले आणि सेटवर गेला. तीच खोली, तेच टेबल, नवं घड्याळ. खुर्चीत एक नवखा नट होता, पहिलंच मोठं काम असल्याने बिचाऱ्याला घाम सुटलेला. दिग्दर्शकाने खूण केली. नटाने घड्याळ सोडवलं, टेबलावर ठेवलं, समोरच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "याला काहीच माहीत नाही. सोडा याला."

"कट! काय झालं, विसरलात का?"

"नाही."

दुसऱ्यांदाही तो तेच म्हणाला. तिसऱ्यांदा दिग्दर्शक हसला, चौथ्यांदा हसला नाही. पाचव्यांदा निर्माता स्वतः येऊन कॅमेऱ्याशेजारी उभा राहिला. नटाने घड्याळ काढलं, ठेवलं आणि या वेळी दारातल्या पहारेकऱ्याचं काम करणाऱ्याकडे वळून तो ओरडलाच, "ऐकू येत नाही का? याला काही माहीत नाही! सोडा याला! घरी जाऊ द्या!" त्याचा आवाज फाटला. खुर्चीतला नवखा नट गोंधळून खरोखरच उठून उभा राहिला.

"दादा, तुम्ही जा," निर्माता म्हणाला.

"जातोय."

पुढच्या आठवड्यात मालिकेत घड्याळसाहेब मोटारीच्या स्फोटात ठार झाला. पाठमोरा दुसराच कुणीतरी उभा केला होता. लोकांनी हळहळ व्यक्त केली, चौकात मेणबत्त्या लावल्या. मग दिवे धरणाऱ्यांपैकी कुणीतरी सेटवरची हकिकत एका वर्तमानपत्राला सांगितली आणि मेणबत्त्यांच्या जागी शिव्या आल्या. डोकं फिरलं, माजला, शत्रूला सामील झाला. त्याच्या दारावर कुणीतरी डांबराने फुली मारली. त्याची बायको दोन तास ती खरवडत बसली होती आणि पुटपुटत होती, "फुली तरी सरळ मारायची होती मेल्यांनी."

त्याच दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात मेकॅनिक होता आणि त्याच्या मागे, तोंड घट्ट मिटून, त्याची बायको.

मेकॅनिकच्या हातात वर्तमानपत्राची घडी होती. "हे तुम्ही खरंच म्हणालात? 'याला काही माहीत नाही'?"

"पाच वेळा."

मेकॅनिकने मान हलवली. "कुणीतरी म्हणालं," तो म्हणाला. "मला वकिलाकडे घेऊन चला."

"मी नको म्हणत होते," बाई म्हणाली. "अजूनही म्हणतेय. पण हा गेले सात महिने रोज पहाटे उठून बसतो आणि त्या पहारेकऱ्याचं नाव घेतो. असं किती दिवस जगायचं माणसाने? जायचंच आहे तर मी बरोबर असेन. आणि तुम्ही," ती नटाला म्हणाली, "मध्येच दमलात तर याद राखा."

पहारेकऱ्याची वकीण एक म्हातारी बाई होती, सतत खोकणारी, कागदांच्या ढिगामागे जेमतेम दिसणारी. तिने मेकॅनिकचा जबाब आणि सहाव्या भागाची संहिता शेजारी शेजारी ठेवली. संहिता लेखिकेने आणून दिली होती. प्रत्येक पानावर तारीख होती, फाइल चोरीला जायच्या चार वर्षं आधीची. म्हातारीने बोट ठेवून ओळी जुळवल्या. लंगडा, उजवा पाय. व्हायोलिनची पेटी. जांभळं मखमली अस्तर. मागच्या दाराची कडी दोनदा वाजवायची खूण.

"जांभळं अस्तरसुद्धा!" ती म्हणाली आणि खोकत खोकत हसली. "अरे, खात्यात एकाच्याही घरी टीव्ही नाही का?"

न्यायालयात एका चाकांच्या टेबलावर टीव्ही आणला गेला. न्यायाधीशांनी जबाबाची प्रत हातात धरून तो भाग पाहिला. आरोपीच्या पिंजऱ्यात पहारेकरी होता, वाळलेला, दाढी वाढलेली. पडद्यावर पहारेकरी दार उघडतो तो प्रसंग आला तेव्हा त्याने एकदा मेकॅनिककडे पाहिलं आणि मान फिरवली. मग मेकॅनिक साक्षीला उभा राहिला. त्याने वाकडी बोटं वर धरून सगळं सांगितलं. सरकारी वकिलाने त्याला तीन वेळा धमकावलं, की खोट्या साक्षीची शिक्षा माहीत आहे ना. प्रत्येक वेळी तो म्हणाला, "माहीत आहे." नटाची साक्ष त्याच्यानंतर झाली, दहा मिनिटांची, कोरडी.

दुपारच्या सुट्टीत नट बाहेरच्या दालनातल्या बाकावर बसला होता. एक तिशीतला माणूस जवळ आला. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, हातात जेवणाचा डबा. कुठल्याही बँकेत, कुठल्याही शाळेत बसलेला चालला असता.

"सर, आत बोलता आलं नाही," तो हसून म्हणाला. "मी तुमचा खूप मोठा चाहता आहे. तुमच्यामुळेच खरं तर या खात्यात आलो. घरी मुलीला सांगितलं तर विश्वासच ठेवणार नाही. एक फोटो काढू का?"

नटाला कळायला क्षण लागला. मग त्याने शेजारी पाहिलं. मेकॅनिक भिंतीला टेकून उभा राहिला होता, हात दोन्ही बाजूंना सरळ.

"तुला मुलगी आहे?" नटाने विचारलं.

"हो सर. पाच वर्षांची."

"म्हणजे घरचे तुझी वाट बघत होते! त्या अकरा दिवसांत रोज वाट बघत होते तुझी, आणि तू याची बोटं दारात चिरडत होतास!" नट उठला होता आणि त्याचा तो कमावलेला आवाज सगळ्या दालनात घुमत होता. वकील, कारकून, पोलीस, खालच्या जिन्यावरचे लोकसुद्धा थांबले. "ऐका सगळे! हा तो माणूस! याने या मेकॅनिकची बोटं मोडली. नाव विचारा याला! याच्या मुलीला दाखवायला फोटो हवाय. चल काढ! या मेकॅनिकच्या हातासकट काढ!"

अधिकाऱ्याचं हसू तसंच राहिलं, फक्त कडेने थरथरायला लागलं. "सर, मी आदेशाप्रमाणे..." तो म्हणाला. शिपायांनी नटाला दोन्ही दंडांना धरून इमारतीबाहेर नेलं. बाई त्यांच्या मागे मागे गेली आणि पायरीवर तिने त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. पहिल्यांदाच ती त्याच्यावर चिडलेली नव्हती.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. जबाब विश्वासार्ह नाही, सबब आरोपी मुक्त. मेकॅनिकवर कारवाई नको, असं न्यायाधीशांनी लिहिलं. बोटांबद्दल निकालात एक ओळ होती, स्वतंत्र तक्रार करता येईल. मेकॅनिकने ती केली. अधिकाऱ्याची दुसऱ्या शहरात बदली झाली, वरच्या हुद्द्यावर. तक्रारीला आतापर्यंत चार तारखा पडल्या आहेत आणि चारही वेळा खात्याकडून कुणी आलेलं नाही. नट प्रत्येक तारखेला जातो. कारकुनाशी भांडतो, नोंदवहीत सही करतो, पुढची तारीख घेतो. त्याला आता पडद्यावर काम मिळत नाही. तो आंधळ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो, बायकोच्याच ग्रंथालयात, आणि एखादं वाक्य मनासारखं आलं नाही तर स्वतःवर डाफरतो. राग ओसरेल असं त्याला लोक सांगतात. त्याला तो ओसरायला नकोय.

पहारेकरी सुटला त्या दिवशी तुरुंगाच्या फाटकाबाहेर त्याची म्हातारी आई होती, वकीण होती आणि बरंच मागे, रस्त्याच्या पलीकडे, मेकॅनिक आणि त्याची बायको. नट त्यांच्याबरोबर होता. पहारेकऱ्याने आईला जवळ घेतलं. मग त्याची नजर रस्त्यापलीकडे गेली. तो रस्ता ओलांडून आला आणि मेकॅनिकसमोर उभा राहिला.

"आज मला तुझं तोंड बघवत नाही," पहारेकरी म्हणाला. आवाजात काहीच मऊ नव्हतं. "नऊ महिने गेले माझे. नऊ महिने आई एकटी होती."

"माहीत आहे."

"तुला नाही माहीत." तो वळला, दोन पावलं गेला, आणि मागे न बघता म्हणाला, "रविवारी ये. तेव्हाही बघवेल असं नाही. पण ये."

मेकॅनिक रविवारी बायकोला घेऊन गेला. पहारेकऱ्याच्या आईने त्याला दारातच अर्धा तास उभं केलं, मनसोक्त बोलून घेतलं आणि मग सांगितलं, की स्वयंपाकघरातला नळ गळतो. त्याने बायकोला हाक मारली. पाना तिने धरला आणि कुठे, किती फिरवायचा ते तो सांगत राहिला.